अमेरिकेतील आरंभीचे राजकीय पक्ष आणि राज्यघटनेचा अर्थ

अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना पक्षांबद्दल एक अक्षर बोलत नाही. घटनाकारांच्या लेखी पक्ष म्हणजे फाटाफूट. तरीही नवे सरकार सुरू होऊन पाच वर्षे होण्याआधीच दोन तट पडले : अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यामागे फेडरलिस्ट आणि परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन व जेम्स मॅडिसन यांच्यामागे रिपब्लिकन. भांडण मुळात पैशाचे व प्रदेशांचे होते. लढले गेले ते घटनेच्या शब्दांवरून.

नावांमुळे घोटाळा होतो. १७८७-८८ मध्ये घटना मंजूर व्हावी म्हणून झटणारे ‘फेडरलिस्ट’ आणि १७९० नंतरचा फेडरलिस्ट पक्ष एकच नव्हेत. मॅडिसन पहिल्यांत अग्रभागी होते, दुसऱ्याचे कट्टर विरोधक झाले. जेफरसन यांचे अनुयायी स्वतःला रिपब्लिकन म्हणवत. ‘डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन’ हे जोडनाव इतिहासकारांनी सोयीसाठी रूढ केले. आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ चा आहे, त्याचा यांच्याशी थेट संबंध नाही.

वादाचे मूळ पहिल्या कलमाच्या आठव्या खंडात आहे. भारतीय वाचकाला केंद्रसूची, राज्यसूची व समवर्ती सूचीची सवय असते आणि उरलेले अधिकार केंद्राकडे जातात हे तो धरून चालतो. तिथे रचना उलटी : काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, अधिकारांची एकच यादी, बाकीचे राज्यांचे किंवा लोकांचे. त्या खंडात १८ उपखंड आहेत. कर बसवणे, कर्ज काढणे, परदेशांशी व राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन, नाणी पाडणे, टपाल, युद्ध इत्यादी १७ उपखंडांनंतर शेवटचा येतो : वरील अधिकार अमलात आणण्यासाठी ‘आवश्यक व योग्य’ असे कायदे काँग्रेसने करावेत. मराठीत ‘आवश्यक’ म्हटले की ज्यावाचून चालतच नाही ते, असाच अर्थ आधी मनात येतो. म्हणजे अनुवाद करतानाच आपण नकळत जेफरसन यांच्या बाजूला झुकतो. मूळ इंग्रजी शब्द त्या काळी ‘उपयोगी, कामाला येणारे’ अशा सैल अर्थानेही चालत असे, आणि हॅमिल्टन यांचा सगळा डाव त्यावर उभा होता.

कसोटी लागली ती १७९१ च्या बँक विधेयकावर. त्याआधी १७९० मध्ये राज्यांची युद्धकर्जे केंद्राने डोक्यावर घेतली होती. आपले बरेच कर्ज फेडून बसलेल्या व्हर्जिनियाला ते खुपत होते. राजधानी पोटोमॅक नदीकाठी नेण्याच्या बदल्यात तडजोड झाली. आता हॅमिल्टन यांना राष्ट्रीय बँक हवी होती. भांडवल १ कोटी डॉलर, प्रत्येकी ४०० डॉलरचे २५,००० भाग, पैकी २० लाख डॉलर सरकारचे, सनद २० वर्षांची. खासगी भागधारकाने रकमेचा चौथा हिस्सा सोन्याचांदीत आणि तीन हिस्से सरकारी रोख्यांत भरायचे होते. खरी खुबी याच अटीत होती : बँकेचे भाग हवे असणाऱ्याला सरकारी रोखे विकत घ्यावेच लागत, त्यामुळे रोख्यांचा भाव आपोआप सावरे. रोखेधारक मुख्यतः उत्तरेतल्या बंदरांतले व्यापारी. प्रतिनिधिगृहात, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, विधेयक ३९ विरुद्ध २० मतांनी संमत झाले तेव्हा विरोधातले जवळजवळ सगळे दक्षिणेतले होते.

अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सहीआधी मंत्र्यांची लेखी मते मागवली, आणि नकाराचा मसुदा मॅडिसन यांच्याकडून तयारही करवून ठेवला. जेफरसन यांचे टिपण १५ फेब्रुवारीचे. बँक काढण्याचा अधिकार यादीत नाही. फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत सनदा देण्याचा अधिकार सुचवला गेला होता आणि तो फेटाळला गेला. सोयीचे आहे म्हणून ते आवश्यक ठरत नाही, कारण सोय हाच निकष धरला तर गिळता येणार नाही असा एकही अधिकार उरत नाही. आधाराला त्यांनी पुढे दहावी ठरलेली घटनादुरुस्ती घेतली होती : केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांचे किंवा लोकांचे. ती तेव्हा राज्यांकडे मंजुरीसाठी फिरतच होती आणि डिसेंबरात लागू झाली.

हॅमिल्टन यांचे लांबलचक उत्तर २३ तारखेचे. त्यांची कसोटी तीन पायऱ्यांची : हेतू घटनेने दिलेल्या एखाद्या अधिकारात बसतो का, साधनाचा त्या हेतूशी उघड संबंध आहे का, आणि घटनेत त्या साधनाला कुठे मनाई आहे का. कर गोळा करणे, कर्ज काढणे, सैन्याला पैसा पुरवणे या सगळ्याशी बँकेचा संबंध त्यांनी दाखवून दिला. यालाच गर्भित अधिकारांचा सिद्धान्त म्हणतात. वॉशिंग्टन यांनी २५ फेब्रुवारीला सही केली. मॅडिसन यांची अवस्था यात सर्वांत अवघड होती. दहाव्या दुरुस्तीत ‘स्पष्टपणे दिलेले’ अधिकार असा शब्द घालायला १७८९ मध्ये त्यांनीच विरोध केला होता.

पुढे दोन्ही पक्षांनी सत्तेची जागा बदलली तशी वाचनाची पद्धतही बदलली. १७९८ च्या राजद्रोह कायद्याने सरकार, काँग्रेस व अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे, बदनामीकारक लिहिल्यास २,००० डॉलरपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत कैद ठरवली. उपाध्यक्षाला मात्र या कायद्याचे संरक्षण नव्हते, कारण उपाध्यक्ष होते जेफरसन. कायद्याची मुदतही फेडरलिस्ट अध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवशी, ३ मार्च १८०१ ला संपत होती. उत्तर म्हणून जेफरसन यांनी केंटकीसाठी आणि मॅडिसन यांनी व्हर्जिनियासाठी नाव न देता ठराव लिहिले : घटना हा राज्यांमधला करार आहे, त्याचा भंग झाल्यास राज्ये बोलू शकतात. इतर राज्यांनी साथ दिली नाही.

१८०० च्या निवडणुकीत घटनेची यंत्रणाच अडकली. अध्यक्ष निवडणाऱ्या प्रत्येक निर्वाचकाला दोन मते होती, पण अध्यक्षपदाचे कोणते आणि उपाध्यक्षपदाचे कोणते, हे लिहायची सोय नव्हती. शिस्तीने मतदान झाले तर दोन्ही उमेदवार समान येणार, म्हणून कुणीतरी एक मत दुसरीकडे टाकायचे असते. फेडरलिस्टांनी एक मत जॉन जे यांना देऊन ती काळजी घेतली. रिपब्लिकनांनी घेतली नाही. जेफरसन व त्यांच्याच पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार ॲरन बर दोघांनाही ७३ मते पडली. बरोबरीमुळे निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तिथे प्रत्येक राज्याला एक मत, १६ राज्यांपैकी ९ हवी होती, जेफरसन ८ वर थांबले. ३६ व्या फेरीत कोंडी फुटली. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन पदांची मते वेगळी केली.

१८०३ मध्ये फ्रान्सकडून लुईझियाना हा प्रदेश १.५ कोटी डॉलरला विकत घेताना काटेकोर वाचनाचा खरा कस लागला. प्रदेश विकत घेण्याचा अधिकार यादीत नाही. जेफरसन यांनी घटनादुरुस्तीचे मसुदे केलेही. पण नेपोलियनचे मन फिरण्याची धास्ती होती, म्हणून ते बाजूला ठेवून करार सिनेटकडे, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाकडे, पाठवला. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. मसुदे करण्याइतकी टोचणी त्यांना लागली होती, हेही लक्षात घ्यावे. आता घटनेची मर्यादा आठवली ती फेडरलिस्टांना, आणि जेफरसन यांनी १८०७ मध्ये घातलेल्या परदेशी व्यापारबंदीच्या वेळी तर ती त्यांची नेहमीचीच भाषा झाली.

बँकेची सनद १८११ मध्ये संपली. नूतनीकरण प्रतिनिधिगृहात एका मताने हरले आणि सिनेटमध्ये बरोबरी झाल्यावर उपाध्यक्ष क्लिंटन यांच्या विरोधी मताने. मग ब्रिटनशी १८१२ चे युद्ध बँकेविना लढताना तिजोरीची दैना झाली. १८१६ मध्ये ३.५ कोटी डॉलर भांडवलाच्या दुसऱ्या बँकेवर सही केली ती अध्यक्ष मॅडिसन यांनी. तोवर युद्धविरोधामुळे फेडरलिस्ट पक्ष मोडकळीस आला होता, पण त्याचा सरन्यायाधीश जागेवर होता. मेरीलँडने या बँकेच्या शाखेवर कर लादला, आणि १८१९ च्या मॅकुलक खटल्यात जॉन मार्शल यांनी तो रद्द ठरवला. शब्दाचा निकाल त्यांनी घटनेतूनच काढला : राज्यांना आयातकराची मनाई करणाऱ्या दहाव्या खंडात ‘निखालस आवश्यक’ असे आहे, आठव्यात नुसते ‘आवश्यक’. म्हणजे घटनाकारांना हा फरक ठाऊक होता. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना हे पटले नाही. त्यांनी १८३२ मध्ये सनदेचे नूतनीकरण नाकारले आणि १८३६ मध्ये तिची मुदत संपली.