रोजचं होमिंग कसं सुटलं

सकाळी मशीन चालू केलं की आधी सगळे अक्ष झिरोला न्यायचे, म्हणजे होमिंग करायचं, ही जुन्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटरच्या हाताला लागलेली सवय. एन्कोडर म्हणजे मोटरचा शाफ्ट किती फिरला ते चकतीवरच्या खुणांवरून सांगणारा सेन्सर. त्यातला इन्क्रिमेंटल एन्कोडर नुसत्या पल्स पाठवतो. मोजतो कंट्रोलर, आणि वीज गेली की ती मोजणी पुसली जाते. मग स्लाइड डॉगकडे, म्हणजे स्विच दाबणाऱ्या ठोकळ्याकडे, न्यायची, स्विच दबला की वेग उतरवायचा आणि फेरीत एकदाच येणारी झेड पल्स पकडून तिथे शून्य धरायचं. डॉग सरकून स्विच नेमका झेड पल्सच्या आसपास दबू लागला, की पंचाईत. होम कधी या फेरीत, कधी पुढच्या. स्लाइड सरकवणाऱ्या बॉलस्क्रूचा पिच 10 मिमी, म्हणजे फेरीला 10 मिमी, असेल तर थेट 10 मिमीचा फरक.

यावर तोड म्हणजे एन्कोडरच्या चकतीवरच्या प्रत्येक जागेला स्वतःचा कोड देणं. साध्या बायनरीत 7 वरून 8 वर जाताना 0111 चं 1000 होतं. चारही बिट एकाच क्षणी बदलायला हवेत. एक जरी मागे राहिलं तरी भलताच आकडा वाचला जातो. बेल लॅब्सच्या फ्रँक ग्रे यांच्या कोडमध्ये (पेटंट 1953) एका वेळी एकच बिट बदलतं. कोड मुळात संदेशवहनासाठी होता, कामी आला चकतीला.

तरीही त्याच बॉलस्क्रूवर 600 मिमीच्या स्लाइडला 60 फेऱ्या लागतात, आणि चकतीला कळते फक्त फेरीतली जागा. फेऱ्या मोजायला कोणी गिअर बसवले, कोणी बॅटरीवर चालणारा काउंटर. पुढे वीगँड वायर आली. ही तार कितीही सावकाश फिरवलेल्या चुंबकानेही झटक्यात पल्स देते, आणि त्याच पल्सवर काउंटर चालतो. मला यातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

होमिंग मात्र पुरतं सुटलं नाही. एन्कोडरला मोटरचा शाफ्ट कळतो, मशीनचं शून्य नाही. म्हणून जोडणीच्या वेळी स्लाइड खुणेवर आणून ‘हेच शून्य’ असं एकदा सांगावं लागतं. मोटर ड्राइव्हसाठीच्या सीआयए 402 या मानकातली होमिंगची 37 क्रमांकाची पद्धत हेच करते. मोटर जागची हलतही नाही. मोटर उतरवली किंवा मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग सैल केलं, की पुन्हा तेच.

बॅटरीवाल्या एन्कोडरची बॅटरी इमर्जन्सी स्टॉप दाबून, पण कंट्रोल चालू ठेवून बदलायची असते. ‘आधी मेन बंद’ या एरवीच्या शहाणपणाने इथे फेऱ्यांची मोजणी जाते, अलार्म येतो आणि खुणा शोधत बसावं लागतं.