पडद्यावरचे आल्प्स

मामाचं लग्न १९९४ साली सांगलीला झालं. कॅसेट लावली की आधी गणपती, मग पत्रिका, मग मंगलाष्टकं, आणि अक्षता पडून झाल्या की मिक्सिंगवाल्याची करामत सुरू. हिरव्यागार कुरणावर बदामाच्या आकाराची चौकट, चौकटीत मुंडावळ्या बांधलेले मामा-मामी, मागे निळं तळं आणि बर्फाचे डोंगर. मामा-मामी तोवर महाबळेश्वरच्या पुढे गेले नव्हते. तळं कुठलं ते मिक्सिंगवाल्यालाही ठाऊक नसणार. त्याच्याकडे सीनरीची एक तयार टेप होती, आणि गावातल्या प्रत्येक जोडप्यामागे तो तेच तळं लावायचा.

मामाच्या मुलानं आता लग्नाच्या तीन महिने आधी, आईची पैठणी बॅगेत घालून, खरोखरच तसल्या एका तळ्याकाठी जाऊन फोटो काढून घेतले. सोबत होणारी बायको, तिची धाकटी बहीण (ही दोन्ही घरांनी घातलेली अट) आणि फोटोग्राफर. जाण्याआधी महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता: लोकेशन कुठलं? मराठीत स्थळ बघणं म्हणजे मुलगा किंवा मुलगी बघणं. आता एक स्थळ पक्कं झालं की दुसरं बघायला घ्यायचं.

हे दुसरं स्थळ आपण निवडतो असं आपल्याला वाटतं. मला ते फारसं पटत नाही. मामाच्या कॅसेटमधलं तळं पोरानं दहा वेळा पाहिलं होतं; त्यानं शोधलं ते त्या तळ्यासारखं तळं. आणि मिक्सिंगवाल्याच्या टेपमध्ये ते आलं कुठून, हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

फोटोग्राफी १८३९ साली जगजाहीर झाली. पुढची कित्येक दशकं लग्नाचा फोटो लग्नात काढलेला नसायचा. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, माणसानं काही सेकंद पुतळ्यासारखं बसायचं, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा. असला पसारा मांडवात कोण नेणार? लग्न उरकलं की ठेवणीतले कपडे पुन्हा घालून जोडपं स्टुडिओत जायचं. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरनं १८५४ साली एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हा फोटो स्वस्त झाला आणि साध्या घरांतही पोचला. त्याबरोबर पोचलं स्टुडिओचं सामान: पुठ्ठ्याचा खांब, नक्षीचा कठडा, झालरीची खुर्ची, आणि मागे रंगवलेला पडदा. ज्याच्या घरी बाग नव्हती त्याच्या मागे बाग.

मुंबई यात मागे नव्हती. त्याच १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हौसेनं फोटो काढत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर धंदाच थाटला. जुन्या घरांच्या भिंतीवर असतात ते फोटो आठवा. नवरा खुर्चीत, फेटा किंवा पगडी, हातात काठी. नऊवारीतली बायको बाजूला उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. शेजारी तिवईवर फुलदाणी. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नाही. आणि मागे, धूसर, कारंजं, जिना, लांबवर तळं. त्या बाईनं तसला जिना जन्मात पाहिला नसेल.

पडदा रंगवणारे हात मात्र इथलेच असत, आणि ते नाटकाचे पडदेही रंगवत. दादासाहेब फाळक्यांनी बडोद्याला फोटो स्टुडिओ काढला, पण कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो अशी तेव्हा लोकांत भीती; धंदा बसला. मग ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायला लागले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघेही पडद्यांतूनच सिनेमाकडे वळले. राजवाडा, अरण्य, नदीतीर असे ठरलेले पडदे असत, प्रवेश बदलला की पडदा बदलायचा. पुढे सिनेमातल्या गाण्यात दर कडव्याला डोंगर बदलू लागला, तेव्हा आपल्या प्रेक्षकाला त्यात काही वावगं वाटलं नाही, यात नवल नाही.

जागेवर जाऊन फोटो काढून घेण्याची प्रथाही वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत नायगारा धबधबा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नवविवाहितांचं ठिकाण झाला होता. तिथे प्लॅट बॅबिट नावाच्या फोटोग्राफरनं १८५३च्या सुमारास अमेरिकन काठावरच्या एका मोक्याच्या जागेचा मक्ता घेतला. कॅमेरा कायमचा रोखून ठेवलेला. लोक धबधबा बघायला कठड्याशी आले की त्यांच्या नकळत फोटो घ्यायचा आणि परतताना त्यांनाच विकायचा. गडावर नाहीतर समुद्रकिनारी प्रिंटर गळ्यात अडकवून फिरणारे फोटोवाले पाहिलेत ना? त्यांचे हे पणजोबा.

आपल्याकडे हे वळण थंड हवेच्या ठिकाणांनी लावलं. १८२८च्या सुमारास गव्हर्नर माल्कमनं महाबळेश्वर वसवायला घेतलं आणि साहेबानं डोंगराच्या कडेकडेनं ‘पॉइंट’ आखून दिले: इथे उभं राहायचं, इकडे बघायचं. ‘मधुचंद्र’ हा शब्दसुद्धा इंग्रजीवरून घडवलेला. शब्द आला, पाठोपाठ जोडपी आली, आणि पॉइंटवरच्या रेलिंगला टेकून काढलेला फोटो अल्बममध्ये आला. ऐपत असलेले पुढे काश्मीरला गेले. साठ-सत्तरच्या दशकातला कुठलाही मराठी अल्बम उघडा, त्यात हमखास एक फोटो: भाड्याचा काश्मिरी पोशाख, डोक्यावर झुमक्यांचं पागोटं, कमरेवर रिकामा हंडा, मागे दाल सरोवर. कुलकर्णी वहिनी पाच मिनिटांपुरत्या काश्मीरच्या होऊन जात.

परदेश आणला सिनेमानं. १९६४ च्या ‘संगम’मध्ये नायक-नायिकेचा मधुचंद्र थेट युरोपात होता: व्हेनिस, पॅरिस, स्वित्झर्लंड. प्रेक्षकाला तो तिकिटाच्या पैशांतच होता, कारण त्या काळी परदेशी जायचं तर परकीय चलन परवानगीनं आणि अगदी मोजून मिळे. यश चोप्रा १९७० साली लग्नानंतर मधुचंद्राला स्वित्झर्लंडला गेले, आणि नंतर सिनेमे घेऊन पुन्हा पुन्हा जात राहिले. १९८९ मध्ये त्यांचा ‘चांदनी’ आला. नेमक्या त्याच सुमाराला काश्मीर पेटलं, हिंदी सिनेमाचं हक्काचं बर्फ बंद झालं, आणि आल्प्सनं ती जागा घेतली. स्वित्झर्लंडमधल्या गस्टाड, सानेन या गावांच्या आसपास शूटिंगवाल्यांची सोय मोठी: तासाभराच्या परिघात कुरण, लाकडी घरं, चर्च, तळं आणि बर्फ. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’नं त्यावर शिक्कामोर्तब केलं. मामाच्या कॅसेटमधलं तळं कुठल्या हवेतून आलं, ते आता वेगळं सांगायला नको. लाउएनेन गावच्या तळ्याला तर चोप्रा लेक असं टोपणनावच पडलं. इंटरलाकेनमध्ये २०१६ पासून चोप्रांचा पुतळा आहे.

पण सिनेमानं फक्त इच्छा तयार केली. जाणं शक्य झालं ते कागदपत्रांमुळे, आणि ही बाजू कुणी फारशी सांगत नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. आज ती मर्यादा २,५०,००० आहे. डिसेंबर २००८ मध्ये स्वित्झर्लंड युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन गटात सामील झालं, तेव्हापासून एकाच व्हिसावर पॅरिसचा मनोरा आणि युंगफ्राउचं बर्फ दोन्ही जमायला लागलं. त्याच २००८ मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू हा व्हिडिओही घेणारा फोटो-कॅमेरा आला. खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा आणि दिव्याचा हॅलोजनवाला दोघेही गेले. एकटा माणूस पाठीवरच्या सॅकमधून सिनेमासारखं चित्र घेऊ लागला. २०१० मध्ये इन्स्टाग्राम, आणि दोन-तीन वर्षांत छोटे ड्रोन. अल्बम आता पाहुण्यांच्या मांडीवर ठेवायचा राहिला नाही, सगळ्या गावाला दाखवायचा झाला.

लग्नाआधीच फोटो काढण्याची शिस्त मात्र सिनेमाची नाही, पूर्वेकडची. तैवानमध्ये १९८०च्या दशकापासून लग्नाच्या फोटोंचा मोठा धंदा उभा राहिला. दुकानातच गाऊन, मेकअप, स्टुडिओ, अल्बम सगळं एका पॅकेजात. तैपेईत अशा दुकानांचे अख्खे रस्ते आहेत. नव्वदच्या दशकात हे पॅकेज चीनमध्ये गेलं आणि पैसा आला तशी जोडपी सान्तोरिनी, पॅरिस, प्रागला निघाली. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट या जेमतेम साडेसातशे वस्तीच्या तळ्याकाठच्या गावाची तर दक्षिण चीनमध्ये ग्वांगदोंग प्रांतात २०१२ साली आख्खी प्रतिकृतीच उभारली. चर्च, चौक, तळं, सगळं. नवरानवरी तिथे फोटोला जातात. आपल्या स्टुडिओतला पडदा फिरून असा दगडाविटांचा झाला. खरं हालस्टाट इतकं वैतागलं की मे २०२३ मध्ये गावानं मोक्याच्या जागी लाकडी कुंपण घालून देखावाच झाकला. ओरड झाली, कुंपण काढलं.

आपल्याकडचं प्रकरण वेगळ्या ठिकाणी अडतं. ते म्हणजे पंचांग. सिनेमातली ती फुलांनी भरलेली कुरणं आल्प्समध्ये असतात जून ते सप्टेंबर. आपले मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढात थांबतात. डिसेंबरात लग्न करून लगेच गेलेल्या जोडप्याला कुरण मिळत नाही. मिळतं पांढरं रान, साडेचार-पाचला मावळणारा दिवस आणि शालूखाली घातलेलं थर्मल. मे महिन्यात गेलं तर वरच्या घाटांतले कितीतरी रस्ते अजून बर्फाखाली. मधुचंद्राच्या फोटोंची ही कुचंबणा मी अनेक घरांत ऐकली आहे. लग्नाआधीच्या शूटनं ती परस्पर सोडवली: चातुर्मासात, मुहूर्त नसताना, नोकरीत सुट्टी मिळते तेव्हा जाऊन यायचं. पितृपक्ष तेवढा टाळतात. प्री-वेडिंगवर नाकं मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

२०१७ च्या डिसेंबरात विराट-अनुष्काचं लग्न इटलीत तोस्कानात झालं आणि पुढच्या नोव्हेंबरात दीपिका-रणवीरचं कोमो तळ्याकाठच्या व्हिला देल बालबियानेल्लोत, त्यातही पहिला विधी कोंकणी पद्धतीचा. मग इटलीची चौकशी वाढली. गंमत अशी, की ते व्हिला गुइदो मॉन्झिनो नावाच्या गिर्यारोहकाचं, ज्यानं १९७३ मध्ये इटलीची पहिली यशस्वी एव्हरेस्ट मोहीम नेली. १९८८ मध्ये तो गेला आणि घर एका वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आलं. बाग बघायला तिकीट, लग्न लावायचं तर त्याचे वेगळे पैसे.

पैशांचं आणि परवान्यांचं हे जाळं जोडप्यांना ऐन वेळी समजतं. आयफेल मनोरा दिवसा कुणीही कसाही टिपावा, पण त्याची रात्रीची रोषणाई ही १९८५ ची स्वतंत्र कलाकृती मानली जाते. घरच्या अल्बमला हरकत नाही. फोटोग्राफरनं ते चित्र स्वतःच्या जाहिरातीत वापरायचं तर परवानगी लागते. दुसरा मुद्दा उजेडाचा. मनोरा समोर दिसावा म्हणून सगळे त्रोकादेरोच्या चौथऱ्यावर पहाटे सहाला जमतात, कारण नंतर गर्दी. पण चौथरा मनोऱ्याच्या वायव्येला. म्हणजे वर्षातला बराच काळ सूर्य उगवतो तो मनोऱ्याच्याच बाजूला, समोरून कॅमेऱ्यात येतो आणि चेहरे काळे पडतात. जाणता फोटोग्राफर सूर्य वर यायच्या आत काम उरकतो. आणि तो फोटोग्राफर इथून नेला असेल तर आणखी एक भानगड: टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन शूट करणं हे बऱ्याच देशांत काम धरलं जातं. म्हणून हल्ली पुष्कळ जण तिथलाच माणूस दोन तासांसाठी ठरवतात. अशा कामांवर पोट भरणारी भारतीय आणि अधूनमधून मराठी पोरंही तिकडे भेटतात, ‘दादा, जरा डावीकडे’ असं म्हणणारी.

मामाचा मुलगा गेला ते तळं ब्रिएन्झचं. इंटरलाकेनहून बसनं काठाकाठानं गेलं की इझेल्टवाल्ड नावाचं चारशे वस्तीचं गाव लागतं. तिथल्या एका लाकडी धक्क्यावर कोरियन मालिकेतला नायक पियानो वाजवतो असं दृश्य आहे. मालिका २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली, नंतर नेटफ्लिक्सवरून जगभर गेली आणि गावात बसच्या बस येऊ लागल्या. २०२३ पासून गावानं धक्क्याच्या तोंडाशी फिरता दांडा बसवला आहे. ५ फ्रँक भरले की आत. रांगेत पुढे एक कोरियन जोडपं, मागे एक थाई. पोरानं ती मालिका पाहिलेली नव्हती, पियानोचं त्याला मेव्हणीनं तिथेच सांगितलं. त्यानं पैसे भरले, होणारी बायको पैठणी सावरत धक्क्यावर गेली, आणि त्यांना चार मिनिटं मिळाली.

फोटो मामीनं पाहिले. म्हणाली, “आमचं तळं जास्त निळं होतं.”