एका चादरीचे चार वाटेकरी

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरलं की शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. कामगार खुणेनंच सांगतो, कांडी (आडवं सूत गुंडाळलेली नळी) संपली. माग थांबतो, सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यातली रिकामी कांडी निघते, भरलेली बसते, हँडल ओढलं की खडखडाट पुन्हा सुरू. अर्थशास्त्रातला ‘उत्पादनाचे घटक’ हा धडा एवढ्या वेळात डोळ्यांसमोरून जातो.

कांडी बदलणारे हात म्हणजे श्रम, त्यांचा मोबदला वेतन. जागा ही भूमी, तिला खंड, म्हणजे भाडं. माग, नक्षी विणणारं जकार्ड, बॉबिन, सूत हे भांडवल, त्यावर व्याज. सूत कुठलं घ्यायचं, ऑर्डर कोणाची धरायची, माल पडून राहिला तर फटका कोणी खायचा, हे ज्याच्या डोक्यावर तो संयोजक. आमच्याकडं चार माग असले तरी त्याला कारखानदारच म्हणतात. सगळ्यांचं देऊन उरलं तर त्याचा नफा. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथनं 1776 मध्ये वेतन, नफा आणि खंड असे तीनच वाटे मांडले होते. पुढं आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञानं 1890 मध्ये ‘संघटन’, म्हणजे संयोजकाचं काम, हा वेगळा घटक धरला.

घोळ होतो तो भांडवलाशी. कारखानदार म्हणतो, ‘दोन लाख भांडवल घातलं.’ अर्थशास्त्राच्या लेखी ते दोन लाख भांडवल नव्हेत, कारण नोटा चादर विणत नाहीत. माणसानं आधी बनवलेलं आणि पुढच्या उत्पादनाला लागणारं ते भांडवल. म्हणून तीच चादर तुम्ही अंगावर घेऊन झोपलात तर उपभोग्य वस्तू, लॉजवाल्यानं खोलीत पांघरायला ठेवली तर भांडवल! वस्तू एकच, काम वेगळं.

भूमी म्हणजे नुसता सातबाराही नव्हे. निसर्गानं दिलेलं सगळं तिच्यात येतं. भीमेचं पाणी ही भूमी, तेच अडवणारं उजनी धरण मात्र भांडवल.

घटकांचं प्रमाणही ठरलेलं नसतं. घरी विड्या वळणाऱ्या बाईला सूप, कात्री, दोरा आणि पत्ती-तंबाखू एवढ्यावर भागतं. बाकी सगळी बोटांची मेहनत. उलट बिनधोट्याच्या रॅपियर मागावर कांडी बदलायचं कामच उरत नाही. पण तो घ्यायचा तर कर्ज काढा. मजुरी महाग की व्याज महाग, हे बघूनच कारखानदार ठरवतो.

खरी गंमत घरातच दोन माग टाकणाऱ्याची. कामगार तोच, मालक तोच, जागा बापजाद्यांची. समजा, सूत आणि लाइटबिल जाऊन महिन्याला 20 हजार उरले. ‘नफा झाला,’ असं तो म्हणणार. पण हेच काम दुसऱ्याच्या मागावर केलं असतं तर 15 हजार मिळाले असते. खोली भाड्यानं 4 हजारांना गेली असती. माग विकून पैसे ठेवीत टाकले असते तर हजारभर व्याज. बेरीज करा: बरोबर 20 हजार. म्हणजे चौथ्या वाटेकऱ्याच्या, संयोजकाच्या, हातात काहीच नाही. तरी माग बंद पडत नाही, कारण दुसरीकडं जाऊनही जास्त मिळणार नसतं. पुढच्या महिन्यात लाइटबिल हजारानं वाढलं, की मग ते हजार रुपये नेमके कोणाच्या वाट्यातून गेले, त्याच्यातल्या कामगाराच्या की मालकाच्या, हे त्यालाही सांगता येणार नाही.