इम्प्लांट निघतं, त्याभोवतीच्या आवरणाचं काय?

छातीत बसवलेलं सिलिकॉनचं इम्प्लांट जन्मभर टिकेल असं कुणी सांगितलं असेल, तर ते खरं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या म्हणण्याप्रमाणे, केवळ स्तनांचा आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट बसवून घेतलेल्या बायकांपैकी २० टक्क्यांपर्यंत बायकांना ते आठ ते दहा वर्षांत काढावं लागतं. कर्करोगामुळे स्तन काढून त्या जागी इम्प्लांट बसवलेलं असेल, तर ही वेळ येण्याचं प्रमाण आणखी जास्त असतं. हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आहेत त्या मराठवाड्यातल्या या दुसऱ्या गटातल्या बायका. ऑपरेशन पुण्या-मुंबईला किंवा छत्रपती संभाजीनगरला झालेलं, कीमो संपून वर्षं लोटलेली, बाई पुन्हा शेतात, शाळेत नाहीतर बँकेत कामाला लागलेली. आणि एक दिवस अंघोळीच्या वेळी एक बाजू कडक लागते. पहिला विचार एकच येतो, रोग उलटला. बहुतेक वेळा तसं नसतं. पण ते तपासल्यावरच कळतं, म्हणून लाजेपोटी महिनोन् महिने अंगावर काढू नये.

कडक काय झालेलं असतं? इम्प्लांट नव्हे. पायात बाभळीचा काटा मोडून राहिला की त्याभोवती घट्ट गाठ धरते, हे रानात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. इम्प्लांटभोवतीही शरीर असंच वागतं. बसवल्या बसवल्या त्याच्या पृष्ठभागावर रक्तातली प्रथिनं चिकटतात. मग मॅक्रोफेज नावाच्या पेशी गोळा होतात. बाहेरून आलेलं काहीही गिळून संपवायचं हे त्यांचं काम, पण एवढी मोठी वस्तू गिळता येत नाही. त्या रासायनिक संदेश सोडतात, त्यावर फायब्रोब्लास्ट पेशी येतात आणि कोलॅजनचे धागे विणून त्या वस्तूला चहूबाजूंनी कोंडून टाकतात. काही आठवड्यांत इम्प्लांटभोवती शरीराचं स्वतःचं आवरण तयार होतं. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. ते प्रत्येकीत होतं, पेसमेकरभोवतीही होतं, आणि बहुतेकींमध्ये पातळ, मऊ राहतं.

काहींमध्ये मात्र या आवरणात आक्रसण्याची ताकद असलेल्या मायोफायब्रोब्लास्ट पेशी वाढतात. आवरण जाड होतं, आवळत जातं आणि आतली मऊ पिशवी दाबली जाऊन चेंडूसारखी गोल आणि टणक लागते. याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत स्तन मऊच असतो, दुसरीत हाताला जरा घट्टपणा जाणवतो, तिसरीत आकार बिघडलेला दिसतो आणि चौथीत दुखायला लागतं. असं का होतं, याचं एकच एक कारण नाही. त्वचेवर नेहमीच राहणारे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिससारखे जिवाणू इम्प्लांटवर चिकट थर करून बसतात; त्यानं ताप येत नाही की पू होत नाही, पण मंद दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो. ऑपरेशननंतर आत साचलेलं रक्त हेही एक कारण. आणि रेडिएशन घेतलेलं असेल तर धोका चांगलाच वाढतो, कारण त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि त्वचा आधीच कडक झालेली असते. कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो तो यामुळे.

काढायची दुसरी कारणं थोडक्यात सांगतो. खाऱ्या पाण्याचं इम्प्लांट फुटलं तर छाती एकदम बसते आणि लगेच कळतं. सिलिकॉन जेलचं फुटलं तर बऱ्याचदा काहीच कळत नाही, कारण जेल आवरणाच्या आतच राहतं. म्हणून जेलच्या इम्प्लांटची पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करावी, असा सल्ला दिला जातो. आपल्याकडे ही तपासणी किती जणी करून घेतात? डिस्चार्जच्या कागदावर ती ठळक लिहिलेली असायला हवी, असं मला कळकळीनं वाटतं.

तिसरं कारण दुर्मीळ आहे, पण विस्तारानं सांगायला हवं. आवरण आवळू नये म्हणून काही कंपन्यांनी इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केला. पुढे लक्षात आलं, की अशा खरबरीत इम्प्लांटभोवतीच्या आवरणात लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग, होऊ शकतो. हा स्तनाचा कर्करोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली आणि जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला बायोसेल प्रकारची खरबरीत इम्प्लांट जगभरातून परत घ्यावी लागली. ज्यांना काही त्रास नाही, त्यांनी केवळ भीतीपोटी ती काढून घ्यावीत असं मात्र सांगितलेलं नाही. खूण ओळखता आली पाहिजे: ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावर, सरासरी आठ-दहा वर्षांनी, एक बाजू अचानक पाणी भरून फुगते. असं पाणी कुणी सुईनं काढून टाकून दिलं, तर निदानाचा सगळ्यात चांगला पुरावाच फेकला जातो. ते सोनोग्राफीत बघून काढायचं आणि सीडी-३० (या लिम्फोमाच्या पेशींवर सापडणारं प्रथिन) या तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे पाठवायचं. रोग आवरणातच असताना सापडला, तर इम्प्लांट आणि पूर्ण आवरण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात.

आणखी एक गट आहे: कायमचा थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, केस गळणं यांना कंटाळून इम्प्लांट काढून घेणाऱ्या बायकांचा. कुठल्याही एका रक्ततपासणीत हा त्रास पकडता येत नाही, म्हणून बरेच डॉक्टर तो झटकून टाकत आले. ते चूक आहे. काढल्यानंतर अनेकींना बरं वाटतं, ही नोंद खरी आहे. पण समाजमाध्यमांवर जो आग्रह धरला जातो, की आवरणासकट सगळं एकसंध निघालं तरच गुण येतो, त्याला आधार मिळालेला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आवरण एकसंध काढलेल्या, पूर्ण काढलेल्या आणि अर्धवट काढलेल्या अशा तिन्ही गटांतल्या बायकांची लक्षणं जवळपास सारखीच कमी झाली.

हा मुद्दा केवळ वादाचा नाही, कारण आवरण किती काढायचं यावरच ऑपरेशनचं स्वरूप ठरतं. इम्प्लांट बाहेर काढणं हा सोपा भाग. पूर्ण भूल देऊन, शक्यतो जुन्याच व्रणावरून छेद घेतात. आवरण पातळ असेल तर ते जागीच ठेवतात आणि शरीर ते बऱ्याचदा हळूहळू जिरवतं. जाड, चुनखडीसारखं कडक झालेलं किंवा फुटलेल्या जेलनं माखलेलं असेल तर काढतात. आवरणाची मागची बाजू बरगड्यांना आणि त्यांच्यामधल्या स्नायूंना चिकटलेली असते, आणि त्या स्नायूंच्या पलीकडे लगेच फुप्फुसाचं अस्तर. तिथे हट्टानं खरवडत बसलं तर अस्तराला भोक पडून छातीत हवा शिरू शकते. म्हणून लिम्फोमाचा संशय नसताना शहाणा सर्जन मागचा थोडा भाग सोडून देतो. तसं त्यानं आधीच सांगितलं तर त्याला कामचुकार समजू नका. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली असेल, तर उचललेला स्नायू परत बरगड्यांवर शिवावा लागतो. त्या बाईला पुढचे काही आठवडे हात उचलताना जास्त जाणवतं.

ऑपरेशनला येताना जुनी फाइल आणि इम्प्लांटचं कार्ड सोबत आणावं. कंपनी, पृष्ठभाग, आकार, क्रमांक, सगळं त्यावर असतं. घर बदलताना, पुरात, वाळवीनं फाइल जाते. म्हणून आजच मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा.

भूलतज्ज्ञ विचारतात, "मावशी, तंबाखू-बिंबाखू काही?" उत्तर येतं, "नाही बाई, नुसती सकाळी मिश्री लावते." मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. छेदाच्या कडांना रक्त कमी पोचतं, कडा काळ्या पडतात, टाके उसवतात. रेडिएशन झालेल्या छातीवर तर हा धोका दुप्पट जिव्हारी लागतो. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे मिश्री बंद हवी. आपल्याकडे बाईला हे विचारायला संकोच करतात आणि बाईही सांगायला संकोचते. डॉक्टरांनी शब्द वापरून, मिश्रीचं नाव घेऊन विचारावं. साखर आणि हिमोग्लोबिनही आधीच ताळ्यावर आणावं लागतं.

ऑपरेशननंतर रिकाम्या झालेल्या पोकळीत रक्त आणि पाणी साचू नये म्हणून दोन्हीकडे किंवा एकीकडे नळी ठेवतात, तिला छोटी बाटली जोडलेली. पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर पाणी येतं. रोज ठरल्या वेळी मोजून वहीत लिहायचं. चोवीस तासांत साधारण २० ते ३० मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात. पहिल्या चोवीस तासांत एक बाजू झपाट्यानं फुगून ताठली आणि दुखणं गोळीला दाद देईना, तर आत रक्तस्राव होत असतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. नंतरच्या दिवसांत ताप, वाढती लाली आणि छेदातून गढूळ स्राव या जंतुसंसर्गाच्या खुणा. परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा बेचाळिशीपार जातो, घट्ट सर्जिकल ब्राखाली घाम मुरतो. दोन ब्रा ठेवून आलटून पालटून धुवाव्यात आणि छेद कोरडा ठेवावा. हळद, राख, तेल काहीही लावू नये.

जखम भरण्याचं गणित घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावं. बाहेरून टाके दहा-बारा दिवसांत सुकलेले दिसतात. आतल्या कोलॅजनची ताकद तेव्हा फारच थोडी असते. तिसऱ्या आठवड्यात ती मूळ त्वचेच्या वीस-तीस टक्क्यांपर्यंत येते आणि तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचते. त्यापुढे ती फारशी वाढत नाही. दहा लिटरच्या कळशीतल्या नुसत्या पाण्याचं वजन दहा किलो. चार ते सहा आठवडे पाणी भरणं, वैरणीचा भारा, धुण्याचा पिळा, कापूस वेचणी, कडेवर नातवंड हे सगळं बंद. घरातल्या पुरुषांना हे समोर बसवून सांगावं लागतं, कारण बाई चालती-बोलती दिसली की तिला काम सुचवलं जातं आणि ती नाही म्हणत नाही. हात मात्र बांधून ठेवायचा नाही. पहिल्या दिवसांपासून खांदा थोडा थोडा हलवला नाही, तर तो आखडतो; किती उंच न्यायचा हे सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील.

जेवणाबद्दल आपल्याकडे एक समज पक्का आहे: वरण-भात, अंडी खाल्ली की टाके पिकतात. टाके पिकतात जिवाणूंमुळे. कोलॅजन बनायला प्रथिनं लागतात आणि ती तुरीच्या वरणात, मुगात, शेंगदाण्यात, दह्यात, अंड्यात असतात. नुसत्या पेजेवर आणि चहा-बिस्किटावर ठेवलेल्या बाईची जखम रेंगाळते.

आरशात पहिल्यांदा बघणं अवघड जातं. कातडी ताणलेली असते, ती सैल, सुरकुतलेली, मधेच खोलगट दिसते. पहिल्या महिन्यातलं रूप अंतिम नसतं. सूज ओसरते, कातडी थोडी आवळते आणि आकार सहा महिने ते वर्षभर बदलत राहतो. कर्करोगात स्तनाचा सगळा ऊतीभाग गेलेला असेल, तर तिथे परत काही भरून येत नाही. मग पाठीचा किंवा पोटाचा मांसल भाग वापरून पुनर्रचना करता येते, किंवा छाती नीट सपाट शिवून घेता येते. सपाट छातीचा पर्याय निवडणाऱ्या बाईला कुणी "एवढं तरी करून घे" म्हणू नये. ज्या शरीरावर सुऱ्या चालल्या, त्याचा निर्णय त्या बाईचा.

बधिरपणा, मुंग्या, मधेच विजेचा झटका बसल्यासारखी कळ हे महिनोन् महिने राहतं. कापल्या गेलेल्या नसा दिवसाला साधारण एक मिलिमीटरनं वाढतात, म्हणून वेळ लागतो. काही जागा कायमच्या बधिर राहतात. अशा जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, चटका बसला तरी कळत नाही.

काढलेलं आवरण पॅथॉलॉजीला गेलं का, हे विचारावं आणि अहवाल हातात घेऊनच फाइल बंद करावी. स्तनाच्या कर्करोगाच्या फेरतपासण्या, मग त्या संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात असोत की भूम-परंड्याच्या बायका जातात त्या बार्शीला, पूर्वीसारख्याच चालू राहतात. दुसऱ्या बाजूचा स्तन शाबूत असेल तर त्याची मॅमोग्राफीही. इम्प्लांटसाठी दर दोन-तीन वर्षांनी करायची सोनोग्राफी किंवा एमआरआय मात्र, आत काहीच उरलं नसेल तर, आता थांबते.