पक्ष्यांचे दिशाज्ञान

ओळखीच्या वा अनोळखी मुलखातून आपले घरटे, ढाबळ किंवा हिवाळी मुक्काम नेमका गाठण्याची पक्ष्यांची क्षमता. १९५२ साली वेल्सच्या स्कोकहोम बेटावरचा एक मँक्स शिअरवॉटर, हा समुद्रपक्षी, विमानाने बोस्टनला नेऊन सोडला. सुमारे ५,००० किमी अंतर कापून साडेबारा दिवसांत तो आपल्या बिळात हजर झाला.

जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह क्रामर यांनी या क्षमतेचे दोन भाग पाडले : आपण कुठे आहोत हे ओळखणे (नकाशा) आणि ठरलेली दिशा धरणे (होकायंत्र). यांपैकी होकायंत्राचा उलगडा बराच झाला आहे. दिवसा सूर्याचा आधार असतो. पण सूर्य सरकतो, म्हणून पक्ष्याला वेळेचे भान लागते. कबुतरांना बंद खोलीत ठेवून दिव्यांच्या उजेडाने त्यांचा दिवस सहा तास उशिरा सुरू केला, की काही दिवसांत त्यांच्या शरीरातले घड्याळ तेवढे मागे पडते. असे कबूतर युरोपात भर दुपारी सोडले, तर त्याच्या लेखी ती सकाळ असते. दक्षिणेकडचा सूर्य त्याला पूर्वेचा वाटतो आणि उत्तरेला घर असले तरी ते पूर्वेची वाट धरते. आभाळ भरलेले असेल तर मात्र ही फसगत होत नाही. तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कामी येते. रात्री प्रवास करणारे पक्षी ज्या बिंदूभोवती तारे फिरतात तो हेरतात आणि त्यावरून दिशा ठरवतात.

नकाशाबाबत वाद अजून मिटलेला नाही. इटलीतील पिसा येथे फ्लोरिआनो पापी यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की वासाची जाणीव घालवलेली कबुतरे अनोळखी जागेहून घरी परतताना भरकटतात. घराजवळ आल्यावर ती रस्ते आणि कुंपणेही धरून उडतात.

दिशा काही अंशी उपजत असते. चातकाची पिल्ले सातभाई वाढवतात. सातभाई मुलूख सोडत नाहीत, तरी ही पिल्ले मोठी होऊन स्थलांतर करतात. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला डच पक्षिशास्त्रज्ञ पेरडेक यांचा प्रयोग याबाबत सर्वांत बोलका आहे. नेदरलँड्समध्ये पकडलेल्या हजारो स्टार्लिंग पक्ष्यांना स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. प्रौढांनी दिशा बदलून उत्तर फ्रान्स व इंग्लंडकडचा नेहमीचा मुक्काम गाठायचा प्रयत्न केला. पहिल्याच प्रवासाला निघालेली पिल्ले जुन्याच दिशेने उडत दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये उतरली. पुढच्या हिवाळ्यांतही त्यांतली काही तिकडेच आढळली.