विचारल्याने विचार रुजत नाही
नर्सिंगच्या किंवा अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारले, तर नसलेला विचार त्यांच्या डोक्यात शिरतो, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये इतरांपेक्षा ना अस्वस्थता वाढली, ना असे विचार. उलट नैराश्याची लक्षणे असलेल्यांची घालमेल काहीशी कमीच दिसली. वॉर्डातली रात्रपाळी संपवून, गणवेशही न बदलता खाटेवर गप्प बसलेल्या मैत्रिणीला ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे जरूर विचारावे, मध्येच न तोडता ऐकावे आणि उत्तर ‘हो’ आले, तर तिला एकटे न सोडता समुपदेशकाकडे सोबत जावे.