दॅं, दाँ, दों : फ्रेंच कानाला ऐकू आलेले आवाज

'आर यू स्लीपिंग, ब्रदर जॉन' हे बालवर्गातलं गाणं आपल्याकडेही घराघरांत पोचलंय. मुळात ते फ्रेंच. त्यातला झाक, म्हणजे इंग्रजीतला जॉन, हा मठातला साधू. पहाटेच्या प्रार्थनेची घंटा वाजवायचं काम त्याचं, आणि स्वारी खुशाल झोपलेली. म्हणून फ्रेंच गाणं त्याला 'ऊठ, घंटा वाजव' असं खडसावतं. इंग्रजीत येताना घंटा आपल्या आपणच वाजू लागल्या आणि जॉन सुटला. शेवटच्या ओळीत घंटेचा आवाज येतो. इंग्रजीत तो 'डिंग, डँग, डाँग' आहे, फ्रेंचमध्ये 'दॅं, दाँ, दों'.

फ्रेंच शिकवणाऱ्याला एखादा फळा भरून सांगावं लागेल ते या तीन अक्षरांत आहे. फ्रेंचचे तीन अनुनासिक स्वर इथे ओळीने येतात. टोला पडल्यावर घंटेची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, रेंगाळते ती फ्रेंच माणूस स्वरातच, नाकातून, धरतो. इंग्रजीत असे स्वतंत्र अनुनासिक स्वर नाहीत. त्यामुळे ती आस दाखवायला शेवटी 'ङ'सारखं व्यंजन जोडावं लागतं. पितळ तेच, टोला तोच, पण ऐकलेलं उच्चारायला तोंडात जी सामग्री आहे तिच्यातूनच शब्द घडवायचा असतो.

हे एकदा लक्षात आलं की फ्रेंच गोठा आणि फ्रेंच रस्ता भराभर उलगडतो. इंग्रजी बदक 'क्वॅक' करतं, फ्रेंच बदक 'क्वॅं-क्वॅं'. डुक्कर इंग्रजीत 'ऑइंक', फ्रेंचमध्ये 'ग्र्वॅं'. आणि डुकराच्या मुस्कटाला फ्रेंचमध्ये तोच शब्द आहे. गाढव इंग्रजीत 'ही-हॉ', फ्रेंचमध्ये 'ई-आँ', कारण फ्रेंच तोंडात 'ह' उरलेलाच नाही. बंदुकीचा 'बँग' म्हणजे फ्रेंच 'पाँ'. अग्निशमन गाडी इंग्लंडमध्ये 'नी-नॉ' करत जाते, फ्रान्समध्ये 'पॅं-पों'. उलट इंग्रजीला शब्दाच्या टोकाला व्यंजनं रचायची हौस: स्प्लॅश, क्रंच, थंप. पाण्यात दगड पडला की फ्रेंच आपला साधा 'प्लूफ' म्हणतो.

नाकातले स्वर मराठीत लिहायचे तर देवनागरीतला चंद्रबिंदू उपयोगी पडतो, पण बोलताना घाटावरच्या माणसाची पंचाईत होते. प्रमाण मराठीत हे अनुनासिक उच्चार कधीच विरले. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारलेले अनुस्वारही लिखाणातून काढून टाकले. मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्याला मात्र या बाबतीत फ्रेंचची भीती वाटायचं कारण नाही.

कोंबड्याची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी. इंग्रजीत तो 'कॉक-अ-डूडल-डू' असं लांबलचक काहीतरी म्हणतो. फ्रेंचमध्ये 'कोकोरिको', जे आपल्या 'कुकूच कू'च्या बरंच जवळ आहे. लॅटिनमध्ये कोंबडा 'गाल्लुस' होता आणि गॉल देशाचा, म्हणजे प्राचीन फ्रान्सचा, रहिवासीही 'गाल्लुस'. या श्लेषातून कोंबडा फ्रान्सचं चिन्ह झाला. आज तो राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या जर्सीवर आहे. 'कोकोरिको' म्हणणं म्हणजे देशाच्या नावाने छाती फुगवणं, असाही अर्थ फ्रेंचमध्ये रुळला आहे. गंमत अशी की ज्या 'गाल्लुस'वरून हा मान मिळाला तो शब्द फ्रेंचने टाकून दिला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'जाल' किंवा 'जाउ' झालं होतं, पण पुढे पक्ष्याच्या आरवण्यावरूनच घडलेला 'कॉक' हा शब्द वरचढ ठरला.

शब्द का हरवतात याचा भाषाशास्त्रातला गाजलेला दाखलाही या कोंबड्याचाच. झ्यूल झिलिएराँ या अभ्यासकाने फ्रान्सच्या बोलींचा नकाशासंग्रह काढायचं ठरवलं आणि गावोगाव फिरून उच्चार टिपायला एदमाँ एदमाँ या माणसाला निवडलं. तो प्राध्यापक वगैरे नव्हता, किराणा दुकानदार होता. त्याची पात्रता एकच: कान विलक्षण तिखट. 1897 ते 1901 या काळात तो 639 ठिकाणी गेला. त्या नकाशांवरून झिलिएराँने नैर्ऋत्येकडच्या गास्कनीतला घोळ दाखवून दिला. तिथल्या बोलीत शब्दाच्या शेवटच्या 'ल्ल'चा 'त' झाला होता, म्हणजे 'गाल्लुस'चं 'गात'. पण मांजरालाही 'गात'च म्हणत. खुराड्यात कोंबडा आहे की मांजर, हे शेतकऱ्याला चालढकल करून भागण्यासारखं नाही. मग लोकांनी कोंबड्यासाठी शेजारपाजारचे शब्द उचलले, कुठे फेझंट पक्ष्याचं नाव, तर कुठे पिल्लाचा शब्द.

हा कोंबडा अलीकडे कोर्टातही गेला होता. ओलेराँ बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याविरुद्ध सुट्टीपुरतं येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. सप्टेंबर 2019मध्ये रोशफोरच्या न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, वर शेजाऱ्यांना 1000 युरो भरपाई द्यायला लावली. अशी प्रकरणं वाढल्यावर 29 जानेवारी 2021 रोजी फ्रान्सने कायदाच केला: ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा देशाचा संवेदनांचा वारसा. आता 'कोकोरिको'ला पर्यावरण कायद्याचं कवच आहे.

आवाज अक्षरांत पकडायचा फ्रेंचांचा नाद जुना. 1528च्या सुमारास पॅरिसमध्ये पिएर आतेंञाँ या मुद्रकाने क्लेमाँ झानकँ या संगीतकाराची गाणी छापली. वाद्य एकही नाही, फक्त माणसांचे चार आवाज. एका गाण्यात पक्षी, दुसऱ्यात 1515ची, इटलीतल्या मारिञानची लढाई. गायक तोफा, नगारे, तुताऱ्या, घोड्यांच्या टापा हे सगळं अक्षरांतून उभं करतात: 'फ्रेरेलेलेलाँ फाँ', 'पों पों', 'पाती पातॉक'. तबल्याचे किंवा पखवाजाचे बोल तोंडाने म्हणणारा माणूस हे ऐकेल तर त्याला नवल वाटणार नाही. शब्दकोश निघण्याच्या पुष्कळ आधी फ्रेंच भाषेचे आवाज असे सुरात बसले.

खास शब्दकोश आला 1808मध्ये. शार्ल नोदिए तेव्हा 28 वर्षांचा होता. त्याने फक्त फ्रेंच अनुकरणवाचक, म्हणजे आवाजाच्या नकलेतून घडलेल्या, शब्दांचा कोश काढला. हा माणूस मुळात किड्यांचा अभ्यासक, पुढे ग्रंथपाल आणि गूढकथांचा लेखक. त्याची श्रद्धा अशी की माणसाची पहिली भाषा सृष्टीच्या आवाजांची नक्कल करत जन्मली आणि आजच्या शब्दांत तिचे तुकडे अजून सापडतात. हा विचार हवेतच होता. शार्ल द ब्रॉस याने 1765मध्ये भाषेच्या यांत्रिक घडणीवर ग्रंथ लिहिला होता, आणि जर्मनीत हेर्डर या विचारवंताने 1772मध्ये मेंढीच्या बें-बेंवरून भाषेचा उगम समजावला होता.

या मंडळींची टर उडवली ती आपल्या ओळखीच्या माणसाने. ऋग्वेदाचं संपादन करणारे मॅक्सम्युलर यांनी 1861मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यानं दिली आणि या कल्पनेला 'बाउ-वाउ सिद्धांत' असं भुंकणाऱ्या कुत्र्याचं नाव ठेवलं. त्यांची स्वतःची बाजू अशी होती की सृष्टीतली प्रत्येक वस्तू आघात झाला की आपला असा नाद देते, तसं माणसाचं मनही. टीकाकारांनी लगेच उट्टं काढलं. मॅक्सम्युलरांच्या माथी 'डिंग-डाँग सिद्धांत' मारला गेला तो कायमचा. हे वाद इतके विकोपाला गेले की पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने 1866च्या आपल्या नियमांत लिहूनच टाकलं: भाषेच्या उगमावरचा कोणताही निबंध स्वीकारला जाणार नाही. माझ्या मते तो नियम शहाणपणाचा होता. पुराव्याची शक्यताच नसलेल्या प्रश्नावर सभा भरवून काय साधणार?

नोदिएच्या श्रद्धेवर खरा घाव घातला जिनिव्हाचे भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांनी. त्यांची व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर, 1916मध्ये, ग्रंथरूपात आली. त्यात दोन शब्द घेतलेत. चाबकाला फ्रेंचमध्ये 'फ्वे' म्हणतात, आणि मृत्यूची घंटा म्हणजे 'ग्ला'. दोन्ही उच्चारून पाहा: एकात सपकारा ऐकू येतो, दुसऱ्यात घंटेचा घोगरा टोल. पण 'फ्वे'चा उगम आहे बीच वृक्षाच्या लॅटिन नावात, 'फागुस'मध्ये, कारण चाबूक म्हणजे आधी त्या झाडाची छडी. 'ग्ला' आला तुतारीच्या इशाऱ्यासाठी असलेल्या 'क्लासिकुम'पासून. नक्कल कुठेच नाही. शतकानुशतकं झिजत झिजत ते योगायोगाने तसे वाजू लागले. दुसरीकडे 'पीजों', म्हणजे कबूतर, हा शब्द मुळात खरोखरच पिलाच्या 'पी पी'वरून आलेला, लॅटिन 'पीपिओ'. पण उच्चार बदलत गेले तसा तोही बदलला आणि आता त्यात चिवचिव शोधूनही मिळत नाही. जिथे आवाज ऐकू येतो तिथे तो नव्हता, आणि जिथे होता तिथून गेला.

अस्सल नकलेचा एखादा शब्द परदेशीही जाऊन पोचतो. रेशमी झग्यांच्या घोळाची सळसळ म्हणजे 'फ्रूफ्रू'. 19व्या शतकात फॅशनबरोबर तो इंग्रजीत गेला, आणि तिथे सळसळ हरवून नुसत्या झालरी उरल्या: गरजेपेक्षा जास्त नटवलेल्या कशालाही इंग्रज 'फ्रूफ्रू' म्हणतो.

उलटी वाहतूक सुरू झाली चित्रकथांमुळे. फ्रान्समध्ये 19व्या शतकाच्या शेवटापासून चित्रकथा निघत होत्या, पण मजकूर चित्राखाली, नीट वाक्यांत लिहिलेला. 1905पासूनची बेकासीन ही मोलकरीण अशाच पानांत वावरली. तिला तर बोलायला तोंडही काढलेलं नव्हतं. 1925मध्ये आलाँ सँतोगाँ या चित्रकाराने बोलण्याचे फुगे नियमाने वापरले. मग 21 ऑक्टोबर 1934ला 'मिकीचं साप्ताहिक' निघालं आणि अमेरिकन चित्रकथा आठवड्याच्या आठवड्याला येऊ लागल्या. फुग्यातला मजकूर भाषांतरित होई. चित्रातच रंगवलेला आवाज खोडून नवा काढणं मात्र जिकिरीचं.

इथे एक मजेशीर घोटाळा झाला. अमेरिकन चित्रकाराने 'स्निफ', 'गल्प', 'स्मॅक' लिहिलं तेव्हा तो आवाज लिहीत नव्हता. ती इंग्रजीतली चालू क्रियापदं आहेत. नाक ओढणं, आवंढा गिळणं, मटकन मुका घेणं. फ्रेंच मुलाला इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा त्याने ते शुद्ध आवाज म्हणून वाचले. 'स्निफ' आज फ्रेंचमध्ये रडक्या माणसाचा आवाज आहे, इंग्रजी स्पेलिंगमधल्या दोन 'f'पैकी एक गमावून. आवंढ्याचं पुढे 'ग्लूप्स' झालं. 1967मध्ये गायक सेर्ज गँसबूर आणि नटी ब्रिजित बार्दो यांनी चित्रकथांवरचं एक गाणं गायलं, त्यात हेच अमेरिकन ढाम-ढूम आवाज फ्रेंच गाण्याची सजावट म्हणून आले. तोपर्यंत ते कोणाला उपरे वाटेनासे झाले होते.

फरकाचं मूळ व्याकरणात आहे. इंग्रजीत आवाज हेच क्रियापद होतं आणि शिवाय गतीही सांगतं. 'द ट्रेन रंबल्ड पास्ट': तीन गोष्टी एका दमात. फ्रेंचला आधी 'गाडी गेली' म्हणावं लागतं, मग आवाजाची शेपटी जोडावी लागते. मराठी इथे फ्रेंचच्या बाजूला आहे, पण आपण 'गाडी धडधडत गेली' म्हणतो आणि शेपटी जाणवत नाही. शिवाय 'धाडकन', 'टणकन', 'सुळकन' असा 'कन'चा कारखाना आपल्याकडे आहे, तो दोघांकडेही नाही. फ्रेंच आणि इंग्रजीच्या या तुलनेचं शास्त्रशुद्ध पुस्तक झाँ-पॉल विने आणि झाँ दार्बेल्ने या भाषाशास्त्रज्ञांनी 1958मध्ये काढलं, आणि त्याची सुरुवात न्यू यॉर्कहून मॉन्ट्रियलला जाताना रस्त्यावर दिसणाऱ्या पाट्यांपासून होते. कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतातच हे सुचणार. तिथे दोन्ही भाषा एकाच भिंतीवर, एकाच डब्यावर नांदतात.

राइस क्रिस्पीजचा डबा घ्या. तांदळाच्या त्या फुगलेल्या दाण्यांवर दूध पडलं की तडतड होते. अमेरिकेत 1930च्या दशकाच्या सुरुवातीला जाहिरातीत तो आवाज 'स्नॅप, क्रॅकल, पॉप' झाला, पुढे त्या नावाचे तीन बुटके रंगवले गेले. तिन्ही चांगली कामकरी इंग्रजी क्रियापदं. कॅनडाच्या डब्यावर फ्रेंच बाजूला तेच बुटके 'क्रिक, क्राक, क्रोक' आहेत: साचा एक, बदलतो फक्त मधला स्वर, इ-आ-ओ. 'क्राक'च्या मागे मोडण्याचं क्रियापद उभं आहे, 'क्रोक'च्या मागे कुरकुर चावण्याचं. 'क्रिक'चा न्याहारीशी काही संबंध नाही. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पंक्चर काढताना गाडी उचलायचा जॅक.